ठोकळे घालून उंच केलेला पलंग डुगडुगतो, करकरतो, सरकतो: दोष नेमका कुठे शोधायचा

पलंगाच्या पायांखाली सहा-सहा इंचांचे ठोकळे घातले की खालची जागा एकदम वापरात येते. मोठी बॅग आडवी आत जाते, पाहुण्यांच्या गाद्या मावतात, पत्र्याची ट्रंकही बसते. आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि मग रात्री कूस बदलली की पलंग डुलायला लागतो. ठोकळे वाईट निघाले असं समजून दुसरे, जरा महागातले आणले जातात. महिन्याभरात पुन्हा तेच.

ठोकळा बदलून हा दोष जात नाही, कारण बहुतेक वेळा तो ठोकळ्यात नसतोच. पलंगाच्या जोडांमध्ये थोडी ढिलाई आधीपासून असते. पाय बुटके असतात तोवर ती कळत नाही. पाय ही एक तरफ आहे. मूळ पाय ८ इंचांचा आणि खाली ६ इंचांचा ठोकळा, म्हणजे जमिनीपासून जोडापर्यंत १४ इंच. बाजूने धक्का पूर्वीइतकाच बसला तरी पाय आणि साइडची पट्टी जिथे मिळतात, त्या जोडावर आता पावणेदोन पट ताण येतो. ठोकळा ८ इंची असेल तर थेट दुप्पट. बाजारात ३, ५, ६ आणि ८ इंची ठोकळे मिळतात आणि हात आपोआप सर्वांत उंचाकडे जातो. तो आवरा. खाली जे ठेवायचं आहे त्याची उंची मोजा, त्यात एक इंच मिळवा, आणि तेवढीच उंची घ्या.

आधी निदान, मग दुरुस्ती

गादी उतरवा. खालचं सामान बाहेर काढा. एकाने उशाकडचा कोपरा धरून पलंग हळूच हलवायचा, आधी लांबीच्या दिशेने, मग रुंदीच्या. दुसऱ्याने खाली वाकून एकेका पायाशी बोट ठेवायचं: अर्धं बोट पायावर, अर्धं ठोकळ्याच्या काठावर. दोन्ही एकत्र हलत असतील तर ती जागा ठीक. पाय ठोकळ्याच्या वाटीत, म्हणजे वरच्या खळग्यात, हलत असेल तर बोटाला लगेच कळतं. मग तसंच बोट पाय आणि साइडच्या पट्टीच्या जोडावर ठेवा. तिथे हालचाल लागली तर जोड सैल आहे. डोळ्यांपेक्षा बोट जास्त विश्वासाचं; एक मिलिमीटरची हालचाल दिसत नाही, लागते.

यानंतर कागद घ्या, साधा वहीचा. तो प्रत्येक पायाखाली वाटीत आणि प्रत्येक ठोकळ्याखाली फरशीवर सरकवून बघा. कागद जिथे सहज आत जातो तिथे पाय टेकलेलाच नाही. शेवटी प्रत्येक ठोकळ्याभोवती फरशीवर पेन्सिलने रेघ मारा आणि दोन-तीन दिवसांनी बघा. ठोकळा रेघेबाहेर गेला असेल तर पलंग सरकतोय.

एवढ्यावरून प्रकार ठरतो. कोपऱ्याकोपऱ्यात टेकून उचलल्यासारखा डुगडुगत असेल तर उंचीत फरक आहे. सगळे पाय टेकलेले असूनही झुलत असेल तर वाटी किंवा जोड सैल आहे. आवाज मधून येत असेल तर सगळं सोडून आधी मधला पाया बघा.

मधला पाया: सर्वांत जास्त नुकसान इथे होतं

पाच फुटी आणि सहा फुटी पलंगाला मधोमध, डोक्यापासून पायथ्यापर्यंत जाणारी एक कडी असते आणि तिला खालून एक किंवा दोन पाय असतात. बहुतेकदा ते बारीक लोखंडी पाइपाचे, टोकाला फिरवायचा स्क्रू असलेले. ठोकळ्यांचा संच बहुतेकदा चारचाच मिळतो. चार कोपरे सहा इंच वर जातात आणि मधला पाय हवेत लोंबकळत राहतो. वाकून पाहिल्याशिवाय हे दिसत नाही, आणि गादी घातली की कोणी वाकत नाही.

मग काय होतं? ६० इंच रुंदीच्या पलंगाची प्रत्येक आडवी फळी मधल्या कडीवर टेकलेली असते, म्हणजे तिचा मोकळा पल्ला ३० इंचांचा. मधला आधार गेला की पल्ला ६० इंचांचा होतो. पल्ला दुप्पट झाला की फळीवरचा वाकवणारा ताण दुप्पट होत नाही, चौपट होतो. पाइनच्या किंवा प्लायच्या पातळ फळ्या हे काही दिवस सहन करतात. गादीला मध्ये खड्डा पडतो, दोघंही झोपेत मध्ये घरंगळतात, आणि मग एके रात्री ‘कट’ असा आवाज येतो. गादी खराब निघाली म्हणून नवी गादी घेण्यापर्यंत मजल जाते. खड्डा गादीत नसतो, खालच्या फळ्यांत असतो.

उपाय सोपा आहे. मधल्या प्रत्येक पायाखालीही त्याच उंचीचा आधार द्या. बाजारचे ठोकळे वापरत असाल तर एकाच वेळी दोन संच घ्या, कारण वर्षभराने तोच नमुना त्याच उंचीचा मिळेल याचा भरवसा नाही. बारीक पाइपाचा पाय मोठ्या वाटीत भटकतो, म्हणून वाटीच्या मापाची प्लायची चकती कापून तिला पाइपाएवढं भोक पाडा आणि ती वाटीत बसवा. पायाला फिरवायचा स्क्रू असेल तर कागद पकडला जाईपर्यंत फिरवा आणि थांबा. ‘अजून थोडा घट्ट’ म्हणून दोन वेढे जास्त दिले की कडी वर उचलली जाते आणि मग कोपऱ्यातले दोन पाय अधांतरी. आधी नसलेला डुगडुगाट असा हाताने तयार होतो.

मधला पाय मुळातच नसेल, नुसती कडीच असेल, तर ३ बाय ३ इंचांचा लाकडी खांब कापून घ्या. माप फरशीपासून कडीच्या खालच्या कडेपर्यंतचं, पलंग ठोकळ्यांवर चढवून झाल्यावर आणि गादी काढलेली असताना घ्यायचं. खांबाच्या वर इंग्रजी ‘एल’च्या आकाराची पट्टी लावून तो कडीला स्क्रूने जोडा, नाहीतर ट्रंक ओढताना तोच आधी आडवा होतो. सहा फुटी पलंगाला असे दोन खांब द्या.

सगळे पाय टेकलेत, तरी पलंग झुलतो

वाटी मोठी आणि पाय लहान, हे सर्रास होतं. दोन इंचांचा पाय तीन इंचांच्या वाटीत बसवला तर चारी बाजूंनी अर्धा-अर्धा इंच मोकळा राहतो. पलंग ढकलला की पाय वाटीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जातो, आणि ‘ठक’ आवाज येतो तो हाच. या फटीत घडी केलेलं वर्तमानपत्र किंवा चिंधी कोंबली जाते. दोन्ही आठवड्यात चेपतात आणि पावसाळ्यात ओल धरतात. १२ मिमी प्लायचे चार तुकडे कापून चारी बाजूंनी घाला. अर्ध्या इंचाची फट त्याने जवळपास भरते. राहिलेली मिलिमीटरभर जागा पायाला रबराची पट्टी गुंडाळून भरा. गाडीतल्या जुन्या रबरी मॅटची पट्टी उत्तम. लाकडी ठोकळा असेल तर समोरासमोर दोन पाचरी हलक्या हाताने ठोकल्या तरी चालतात, पण प्लास्टिकच्या वाटीत पाचर ठोकू नका. ती वाटीला आतून फाडते. एम-सील भरण्याचा मोह टाळा. घर बदलताना पाय आणि ठोकळा एकजीव झालेले सापडतील.

वाटी ठीक असेल तर जोड. हल्लीचे बहुतेक तयार पलंग उशाकडचा बोर्ड, पायथ्याचा बोर्ड आणि दोन साइडच्या पट्ट्या असे चार भागांत येतात आणि बोल्टने जोडले जातात. पान्याऐवजी षट्कोनी किल्ली लागते, अॅलन की. ४, ५ आणि ६ मिमीची जवळ असावी. बोल्ट आवळायचीही रीत आहे. चारी कोपऱ्यांचे बोल्ट आधी अर्धा वेढा सैल करा. मग पलंगाचे दोन्ही कर्ण मोजा, उशाच्या डाव्या कोपऱ्यापासून पायथ्याच्या उजव्यापर्यंत आणि उलट. फरक पाच मिलिमीटरच्या आत येईपर्यंत फ्रेम हाताने ढकलून काटकोनात आणा, आणि मगच एकेक बोल्ट थोडाथोडा, आळीपाळीने आवळा. तिरक्या बसलेल्या फ्रेमचे बोल्ट कितीही आवळले तरी ते पुन्हा सैल पडतात, कारण फ्रेम वजनाखाली स्वतःच सरळ व्हायला बघते.

बोल्ट फिरत राहतो पण आवळला जात नाही? आत आडवा घातलेला गोल नट वळलेला असतो. त्याच्या तोंडावर खाच असते. बारीक स्क्रू ड्रायव्हरने ती बोल्टच्या दिशेला आणा, बोल्ट पकडेल. भोकच झिजलं असेल तर लाकडावर अवलंबून आहे. सागवान किंवा शिसव असेल तर भोकात फेविकॉल लावलेल्या बांबूच्या काड्या ठासून भरा, एक रात्र वाळू द्या आणि पुन्हा स्क्रू घाला. पार्टिकल बोर्डमध्ये ही युक्ती चालत नाही. भुसा आणि डिंक दाबून केलेली ती फळी असते आणि एकदा मोकळा झालेला भुसा पुन्हा धरत नाही. तिथे आरपार भोक पाडून ८ मिमीचा बोल्ट घाला, दोन्ही बाजूंना मोठे वायसर लावा. कोपऱ्यात आतून ३ इंची ‘एल’ पट्ट्या लावायच्या असतील तर त्याही स्क्रूने नको, आरपार बोल्टनेच. पार्टिकल बोर्डचा पलंग ५ इंचांपेक्षा जास्त उंच करूच नये, असं आमचं मत आहे.

जोड आवळूनही थोडा झोल राहिला तर तिरपा आधार द्या. उशाकडच्या दोन पायांमध्ये २५ मिमी रुंद, ३ मिमी जाड लोखंडी पट्टी फुलीसारखी बोल्टने लावली की रुंदीच्या दिशेचं डुलणं थांबतं, आणि त्या बाजूने सामान ओढायचं नसल्यामुळे अडचणही होत नाही. लांबीच्या दिशेच्या डुलण्याला सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे भिंत: उशाचा बोर्ड भिंतीला टेकवा आणि मध्ये रबराचे दोन जाड तुकडे चिकटवा. नुसता टेकवला तर रंग खरवडला जातो आणि शेजारच्या खोलीत ठकठक ऐकू जाते.

लोखंडी कॉटचं दुखणं वेगळं असतं. पाइपाच्या टोकाला असलेला रबरी बूट फाटलेला असतो आणि त्यातून पाइपाची कड बाहेर आलेली असते. अशा बुटासकट पाय ठोकळ्यात ठेवला तर तो एका कडेवर उभा राहतो. बूट बदला, दहा-वीस रुपयांचं काम आहे. पण कॉट कायमचीच उंच करायची असेल तर ठोकळ्यांच्या नादी न लागता वेल्डिंगवाल्याकडून पायांनाच त्याच मापाचा पाइप जोडून घ्या. त्याच्याइतकं भक्कम काही नाही.

फरशी सपाट नसते

गॅलरी आणि न्हाणीघराच्या दारापाशी फरशीला उतार असतोच, शिवाय जुन्या घरातली शहाबादी किंवा मोझॅक फरशी जागोजागी खचलेली असते. पाणसळ साइडच्या पट्टीवर ठेवून बघा. पण त्याआधी ठोकळेच तपासा. चारही ठोकळे सपाट ओट्यावर ओळीने ठेवा आणि प्रत्येकाच्या वाटीचा तळ ओट्यापासून किती वर आहे ते मोजा. बाहेरची उंची मोजून उपयोग नाही, पाय वाटीच्या तळावर उभा राहतो. स्वस्त संचात इथेच दोन-तीन मिलिमीटरचा फरक सापडतो.

फरक भरायला सनमायकाचे तुकडे वापरा. एक तुकडा साधारण एक मिलिमीटरचा असतो, म्हणून हिशेब सोपा जातो. हे तुकडे वाटीच्या आत, पायाखाली घाला. ठोकळ्याखाली फरशीवर घातलेला तुकडा केर काढताना निघून जातो. पुठ्ठा नको; चेपतो, आणि जून-जुलैत फुगतो.

एक गोष्ट राहून जाते: फरशी पोकळ आहे का? जिथे ठोकळा येणार तिथे नाण्याने वाजवून बघा. भरीव ‘टक’च्या जागी ‘ढब’ असा आवाज आला तर खाली सिमेंट पोचलेलं नाही, आणि त्या टाइलवर पलंगाचा सगळा भार एका ठिकाणी आला की ती तडकते. पलंग हलवता येत नसेल तर ठोकळ्याखाली किमान फूटभर चौरस, १८ मिमी प्लायची पाटी घाला. मग चारही ठिकाणी तशीच पाटी घाला, नाहीतर पुन्हा उंचीत फरक.

सरकणं

व्हिट्रिफाइड टाइलवर नुसतं प्लास्टिक टिकत नाही. फरशी पुसायच्या द्रवाचा पातळ थर आणि त्यावर बसलेली धूळ, यांमुळे घसरण आणखी वाढते. ठोकळ्याखालची जागा साध्या पाण्याने दोनदा पुसा, पूर्ण वाळू द्या, आणि ठोकळ्याच्या तळाला ३ मिमी जाडीचं रेषांचं रबर चिकटवा. खुर्च्यांना लावतात ते मखमली गोल तुकडे लावू नका, ते सरकण्यासाठीच बनवलेले असतात. फोमही नको, तो दबून कागद होतो. पांढऱ्या संगमरवरावर मात्र काळं रबर लावलं तर त्याचा डाग कायमचा राहतो. तिथे पारदर्शक सिलिकॉनचे तुकडे वापरा.

पलंगाला चाकं असतील तर ती काढून मगच ठोकळे घाला. चाकं अडकवून ठेवण्याची कळ असली तरी काढा. वाटीत उभं असलेलं चाक एका रेषेवर टेकतं आणि तो पाय कधीच स्थिर राहत नाही.

तडे

प्लास्टिकचा ठोकळा सहसा अचानक फुटत नाही, आधी सांगतो. काठावर किंवा वाटीच्या कोपऱ्यात पांढरट रेघ दिसते. प्लास्टिक तिथे ताणलं गेलेलं असतं. ती रेघ दिसली की ठोकळा बाद. एकच बदलू नका, चारही बदला, कारण बाकीचे तीनही तेवढंच वजन वाहून तेवढेच दबलेले असतात.

विकत घेताना ठोकळा उलटा करून बघा. आत जाड भिंतींची जाळी हवी; नुसती पोकळ टोपी असेल तर परत ठेवा. पाकिटावर लिहिलेलं झेपणारं वजन चारही ठोकळ्यांचं मिळून असतं की एकाचं, हे वाचा. हिशेब असा: शिसवी पाच फुटी पलंग ८० किलो, गादी ३०, दोन माणसं १४०, एकूण २५०. चारांत वाटलं तर एका पायावर ६२ किलो, म्हणजे काहीच नाही. पण ८० किलोचा माणूस एका कोपऱ्यावर धपकन बसला की त्याचा बहुतेक भार जवळच्या एकाच पायावर जातो, आणि पडण्याच्या जोराने क्षणभर तो दुप्पट होतो. पलंगाचा वाटा धरून तो पाय पावणेदोनशे-दोनशे किलो झेलतो. म्हणून एकेका ठोकळ्याला २५० किलो तरी झेपायला हवं. एकावर एक दोन ठोकळे रचून उंची गाठणं तर नकोच. खालच्याच्या काठावर वरच्याचा तळ नुसता टेकलेला असतो.

सुताराकडून करून घेतले तर

टिकाऊपणात हेच वरचढ ठरतात, आणि प्लायचे उरलेले तुकडे असतील तर स्वस्तही पडतात. १८ मिमी प्लायचे ७ बाय ७ इंचांचे तुकडे कापायचे. ६ इंच उचलण्यासाठी ८ तुकडे एकावर एक भरीव (१४४ मिमी होतात, सहा इंचांना आठ मिलिमीटर कमी, तेवढ्याने अडत नाही) आणि त्यावर २ तुकडे मध्ये चौकोनी भोक पाडलेले. भोक पायाच्या मापापेक्षा दोन मिलिमीटर मोठं, बस. म्हणजे एका ठोकळ्याला १० तुकडे. प्रत्येक थराला फेविकॉल आणि चार स्क्रू. वरच्या थराचे स्क्रू खालच्या थराच्या स्क्रूंवर येऊ नयेत म्हणून जागा थोडी सरकवत न्या. ८ बाय ४ फुटांच्या एका अख्ख्या शीटमधून ७८ तुकडे निघतात, म्हणजे सात ठोकळे. चार कोपरे आणि दोन मधले पाय एवढ्यात भागतात आणि एक उरतो. कापलेल्या कडा प्रायमर आणि ऑइल पेंटने बंद करा, नाहीतर प्लाय कडेनेच पाणी पिते. तळाला रबर. एक ठोकळा साडेतीन-पावणेचार किलोचा होतो आणि जागचा हलत नाही. तळ उंचीपेक्षा कधीच कमी रुंद ठेवू नका.

विटा? पिढ्यान्‌पिढ्या घातल्या गेल्यात, आणि जड सागवानी पलंगाला निभावतातही. पण विटेला वाटी नसते. पाय हळूहळू काठाकडे जातो, काठ ढासळतो, लाल भुकटी फरशीवर पसरते आणि एका रात्री पलंग एका कोपऱ्यात खाली येतो. विटाच वापरायच्या असतील तर वर भोकाचा प्लाय बसवा आणि खाली रबर. पांढऱ्या हलक्या ब्लॉकचे तुकडे मात्र घेऊ नका, बारीक पायाखाली त्यांच्या कडा खडूसारख्या झडतात.

चढवताना

एक कोपरा उचलून त्याखाली ठोकळा सारणं, ही सर्वांत मोठी चूक. त्याने फ्रेम पिळवटते आणि जोड त्याच दिवशी सैल होतात. दोघांनी मिळून उशाकडची पूर्ण बाजू एकदम उचला, तिसऱ्याने दोन्ही ठोकळे एकाच वेळी सरकवायचे. मग पायथा. मधले पाय शेवटी. जड पलंगाला गाडीचा जॅक वापरता येतो, पण तो पट्टीला थेट लावू नका, मध्ये लाकडाची फळी आडवी धरा. आठवड्याने बोल्ट पुन्हा आवळा. नवा ताण आल्यावर ते एकदा बसतातच. मग पावसाळ्यापूर्वी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा, एवढं पुरतं.

काही पलंग चढवूच नयेत. बॉक्स पलंगाला पाय नसतात, त्याच्या उभ्या फळ्याच जमिनीवर टेकलेल्या असतात. कोपऱ्यात ठोकळे घातले तर तळाची फळी मध्ये वाकते आणि झाकण अडकायला लागतं. हायड्रॉलिक झाकणाचा असेल तर झाकण उघडताना वजन एका बाजूला जाऊन पलंग ठोकळ्यावरून उतरू शकतो. घडीची कॉट, सोफा-कम-बेड, बंक बेड आणि बाळाचा पलंग यांनाही ठोकळे नाहीत.

फक्त उशाकडची बाजू उचलली असेल तर

छातीत जळजळ होते म्हणून डॉक्टर उशाकडची बाजू सहा-आठ इंच उचलायला सांगतात. इथे सरकण्याची तक्रार जवळजवळ ठरलेली, कारण पलंग उतारावर उभा असतो. पायांमधलं अंतर ७५ इंच आणि उचल ६ इंच असेल तर दोन इंची पायाचा तळ एका कडेला चार मिलिमीटर उचललेला राहतो. म्हणजे चारही पाय कडेवर उभे. त्या फटीत तेवढ्याच उताराची पातळ पाचर प्रत्येक पायाखाली हवी. सुताराला ‘दोन इंचाला चार मिलिमीटर’ एवढं सांगितलं तरी पुरे. पायथ्याच्या दोन पायांना ठोकळा नको, पण खोल रबरी वाट्या हव्यात. शक्य असेल तर पायथा भिंतीला टेकू द्या. मधल्या पायाला इथे अर्ध्या उंचीचा आधार लागतो. तो नेमका मध्यावर नसेल तर जागेवर मोजूनच कापा.

उंचीचे इतर परिणाम

फळ्यांची पातळी १४ इंच, गादी ६, म्हणजे बसायची उंची २० इंच. त्यात ६ मिळवले की २६. काठावर बसून दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकतात का बघा. घरातल्या आजी-आजोबांचे टेकत नसतील तर तो पलंग त्यांच्यासाठी नाही. रात्री उठताना पाय अंदाजाने खाली सोडला जातो आणि तोल जातो.

खिडकीचा कट्टा अडीच-तीन फुटांवर असतो. २६ इंचांच्या गादीपासून तो जेमतेम ४ ते १० इंच वर राहतो. पलंग खिडकीला लागून असेल आणि घरात लहान मूल असेल तर ग्रिल असल्याशिवाय पलंग चढवू नका. नुसती जाळीची सरकती खिडकी असेल तर मुळीच नाही. पंख्याचंही तसंच: नऊ फुटी छत आणि फूटभर खाली पाती धरली तर गादीपासून पात्यांपर्यंत ७० इंच उरतात. मच्छरदाणी बांधायला गादीवर उभा राहिलेला माणूस हात वर करतो, म्हणून आधी बटण बंद. मच्छरदाणीची दोरीही सहा इंच आखूड करावी लागेल, नाहीतर ती पोटावर लोळते.

खाली सामान ठेवताना

मोकळी उंची फळ्यांखाली मोजू नका, साइडच्या पट्टीखाली मोजा. सामान तिच्याखालूनच आत जायचं असतं. विमानात जवळ नेता येणारी लहान बॅग आडवी केली की आठ-नऊ इंच लागतात, मोठीला बारा इंचांच्या आसपास. बऱ्याचदा ३ इंची ठोकळ्यावरच काम होतं आणि वरचे निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत.

व्यवस्थित बसवलेला ठोकळा पुढे हलतो तो बहुतेकदा ट्रंक ओढताना लागलेल्या धक्क्याने. मधल्या पायाला तर हमखास. पायांपासून दोन-दोन इंच सोडून सामानाच्या रांगा ठरवा आणि जड वस्तू चाकांच्या पाटीवर ठेवा. तळमजल्यावर किंवा कोकणात फरशी पावसाळ्यात घाम सोडते, तेव्हा गाद्या आणि कापडं थेट फरशीवर ठेवू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधली तर आतली ओल आतच राहते आणि बुरशी धरते. झाकणाच्या पेटीत, डांबराच्या गोळ्या घालून ठेवा आणि भिंतीपासून दोन इंच मोकळे सोडा. लाकडी ठोकळ्यालगत मातीची बारीक नळी दिसली तर ती वाळवीची वाट आहे: ती खरवडा, ठोकळा उन्हात काढा, आणि पलंगाचा तो पाय स्क्रू ड्रायव्हरने टोचून आतून पोकळ झालाय का ते त्याच दिवशी बघा.